कुठून तोडायची?

गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. तरी मी सातवीत असताना एका संध्याकाळी सिलिंडरचा रेग्युलेटर नीट बसला नाही, स्वयंपाकघरभर वास पसरला, आणि आईने धावत जाऊन पहिलं काम काय केलं असेल, तर चालू असलेला एक्झॉस्ट फॅन बंद केला. बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडले, "हात लावू नकोस!" तोवर बटण वर गेलं होतं. काही झालं नाही. खिडक्या उघडल्या, सिलिंडर गॅलरीत नेला. पण रात्री जेवताना वाद झालाच. आईचं म्हणणं सरळ होतं, "लावायचं नाही म्हणतात ना? मी तर बंद केला."

बाबांना नीट उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. ते मला बऱ्याच वर्षांनी मिळालं, तेही इंजिनिअरिंग कॉलेजात नाही.

खरं तर ते घरातच दिसतं. रात्री खोलीत अंधार करून छताचा पंखा बंद करा आणि बटणाच्या फटीकडे बघा. बऱ्याचदा निळसर लखकन काहीतरी दिसतं. पंख्यात तारेची गुंडाळी असते आणि गुंडाळीतून वाहणारा प्रवाह झटक्यात थांबायला तयार नसतो. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइपमध्ये जसा धक्का बसतो, तसंच. बटणाचे दोन संपर्क एकमेकांपासून दूर जात असतात आणि प्रवाह मधल्या हवेतून उडी मारून वाहत राहायचा प्रयत्न करतो. ती उडी म्हणजे ठिणगी. वीज जोडतानाही ठिणगी पडू शकते. पण गुंडाळी असेल तिथे तोडतानाची ठिणगी जास्त वाईट.

म्हणजे धोका दिसला की माणूस जे पहिलं करतो, वीज बंद करतो, तेच स्फोटक हवेत करायला सगळ्यात नालायक काम. आणि तरीही वीज बंद करावीच लागते. हा पेच सोडवताना शंभराहून जास्त वर्षं गेली आणि फार माणसं मेली.

मी या भानगडीत पडलो तो नोकरीमुळे. डिग्री कॉम्प्युटरची, काम कारखान्यांच्या कंट्रोल सिस्टिमचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. तीन वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं काम माझ्याकडे आलं. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलच्या टाक्या, टाक्यांना पंप. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली, पंपांच्या पायाशी, गटारांत साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगीची वाट बघत बसते. तिथे गॅस डिटेक्टर होते. डिटेक्टरने ठरलेल्या आकड्यापुढे रीडिंग दिलं की भोंगा, त्याच्या पुढच्या आकड्याला पंप बंद, असं लॉजिक मी लिहिलं होतं. बारा-पंधरा ओळी. मला ते फार नेटकं वाटत होतं.

डेमो संपला तेव्हा मागे उभा असलेला कारखान्याचा जुना इलेक्ट्रिशियन बोलला. त्याला सगळे मामा म्हणायचे.

"साहेब, बंद करताय ते बरोबर. पण कुठनं तोडताय?"

मी म्हटलं, "सॉफ्टवेअरमधून, मामा."

"सॉफ्टवेअर काय तोडतंय? तोडतोय कॉन्टॅक्टर. त्यो कुठं बसलाय?"

मला ड्रॉइंग काढून बघावं लागलं. बहुतेक कॉन्टॅक्टर बाहेर, एमसीसी रूममध्ये, वाफेपासून लांब होते. दोन पंपांचे स्टार्टर मात्र पंपाशेजारीच होते. म्हणजे वाफ सुटली की माझा प्रोग्रॅम नेमक्या त्या वाफेत उभ्या असलेल्या डब्यातले संपर्क उघडणार होता. मामाने मान हलवली. "डबा एफएलपीचा हाय. बोल्ट समदे असतील तर काय होत नाय."

एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ, हे मला ठाऊक होतं. ते कसं चालतं, हे ठाऊक नव्हतं. शोधायला बसलो आणि दोन आठवड्यांनी वेल्समधल्या कोळसा खाणींत जाऊन पोहोचलो.

दक्षिण वेल्समध्ये केरफिली नावाचं गाव आहे, तिथून जवळच्या एका अरुंद खोऱ्यात सेंगहेनिद. तिथल्या खाणीचं नाव युनिव्हर्सल कोलियरी. वाफेच्या इंजिनांना लागणारा उत्तम कोळसा तिथे मिळायचा आणि ब्रिटिश आरमार, रेल्वे, बोटी सगळ्यांना तो हवा होता. खाण भरभराटीची होती आणि गॅसचीही होती. २४ मे १९०१ रोजी तिथे पहिला स्फोट झाला, ८१ माणसं मेली. खाण पुन्हा सुरू झाली.

१४ ऑक्टोबर १९१३. सकाळची पाळी खाली उतरलेली, साडेनऊशेच्या आसपास माणसं जमिनीखाली. आठ वाजून गेल्यावर थोड्याच वेळात पश्चिम भागात स्फोट झाला. आधी मिथेन पेटला, त्या धक्क्याने बोगद्यांतली कोळशाची भुकटी उडाली आणि मग तीच पेटत पुढे गेली. एका शाफ्टमधून दाब वर आला आणि दोन टन वजनाचा पिंजरा वर फेकला गेला. वर काम करणारा एक माणूस त्यात मेला. पूर्व भागातले जवळपास पाचशे जण बाहेर आले. पश्चिमेकडे मात्र आग होती. खाणीचा मॅनेजर एडवर्ड शॉ स्वतः खाली गेला होता, पण आगीपुढे लोकांना जाता येईना. रात्री उशिरा अठरा माणसं जिवंत सापडली. त्यानंतर कुणी सापडलं नाही. ४३९ खाणकामगार आणि एक बचावकर्ता, असे ४४० मृत्यू. ब्रिटनच्या खाणींच्या इतिहासातला हा सर्वात मोठा अपघात. मेलेल्यांत आठ जण चौदा वर्षांचे होते. दोनशेहून जास्त बायका विधवा झाल्या, ५४२ मुलांचे वडील गेले. पश्चिमेकडच्या भागांना मॅफेकिंग, प्रिटोरिया, लेडीस्मिथ, किम्बर्ली अशी बोअर युद्धातल्या गावांची नावं दिलेली होती. साम्राज्याच्या विजयाच्या आठवणी म्हणून दिलेली नावं पुढे मृतांच्या शोधमोहिमेत वापरली गेली.

चौकशी २ जानेवारी १९१४ला केरफिलीत सुरू झाली. आयुक्त होते मुख्य खाण निरीक्षक रिचर्ड रेडमेन. त्यांच्या एका बाजूला खाणमालकांच्या संघटनेचे इव्हान विल्यम्स, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या फेडरेशनचे रॉबर्ट स्माइली. पहिली ठिणगी कुठे पडली हे पुराव्यानिशी सिद्ध झालं नाही. छत कोसळून गॅस सुटला असावा, इथपर्यंत ठीक. तो पेटवला कुणी? एक संशय होता दिव्यांच्या ठाण्यावरच्या ज्योतीचा. दुसरा, पुढे सर्वात जास्त चर्चा झालेला, विजेच्या घंटीचा.

मी इथे थांबलो. घंटी? चारशे चाळीस माणसं आणि संशय घंटीवर?

ही घंटी अशी होती. खाणीतल्या बोगद्यांत कोळशाच्या डब्यांची रांग दोराने ओढली जायची. ओढणारं इंजिन एका टोकाला, डबे मैलभर लांब. डबे घसरले, कुणी अडकलं, थांबवायचं आहे, तर इंजिनवाल्याला कळवायचं कसं? त्यासाठी बोगद्याच्या भिंतीने दोन उघड्या तारा शेजारी शेजारी ताणलेल्या असत. तारांना बॅटरी आणि इंजिनघरातली घंटी जोडलेली. बोगद्यात तुम्ही कुठेही असा, हाताने त्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या किंवा चाकूचं पातं आडवं धरलं की तिकडे घंटी वाजली. एकदा वाजली तर थांब, दोनदा वाजली तर चल, असं काहीतरी ठरलेलं. मला ही कल्पना इंजिनिअर म्हणून फार आवडली, हे कबूल करतो. मैलभर लांबीचं एकच बटण. हवं तिथे दाबा. खर्च जवळपास शून्य.

पण प्रत्येक इशारा देताना तारा टेकवायच्या आणि मग सोडायच्या. सोडायच्या म्हणजे सर्किट तोडायचं, तेही उघड्या हवेत, त्या हवेत जे काही असेल त्याच्यासकट. पलीकडे घंटी, आणि घंटीत गुंडाळी. आईच्या एक्झॉस्ट फॅनचीच गोष्ट, फक्त मैलभर ताणलेली आणि दिवसातून शेकडो वेळा.

बॅटरीच्या काही सेलवर चालणारी गोष्ट स्फोट करेल, हे त्या काळी अनेकांना पटत नव्हतं. विजेचा धोका म्हणजे शॉक, धोका म्हणजे मोठा व्होल्टेज, अशी समजूत होती. आजही आहे. मिथेन आणि हवेचं नेमकं मिश्रण पेटवायला साधारण ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. एक ग्रॅमचा मणी तीन सेंटिमीटरवरून टेबलावर टाकला तर तो जेवढ्या जोरात आपटतो, तेवढीच. शॉकचा धोका आणि स्फोटाचा धोका एकाच तारेत राहत असले तरी ते एकमेकांचे नातेवाईक नाहीत. ज्या तारेला तुम्ही उघड्या हाताने बिनधास्त धरू शकता, तीच तार खाण उडवू शकते.

गंमत अशी, की तेव्हा कायदा होता. चांगला होता. ब्रिटनच्या १९११ च्या कोळसा खाण कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, की एखाद्या जागेच्या हवेत ज्वालाग्राही वायूचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या वर गेलं, तर तिथल्या सगळ्या केबल आणि उपकरणांची वीज तत्काळ तोडायची आणि प्रमाण खाली येईपर्यंत पुन्हा जोडायची नाही. सव्वाच का? मिथेन हवेत साधारण ५ टक्क्यांपासून पेटू शकतो. सव्वा म्हणजे त्याचा बरोबर चौथा हिस्सा. हा आकडा पुढे फार लांब गेला. भारताच्या १९५६ च्या वीज नियमांतही गॅस असलेल्या कोळसा खाणींसाठी तोच सव्वा टक्का होता. आजचे डिटेक्टर स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या टक्केवारीत मोजतात, त्या हिशेबात तो २५ टक्के होतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या आकड्यांचे पणजोबा तिथे बसले होते.

शिवाय त्या काळच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. खाणीची वीज तोडण्याचं स्विचगिअर जमिनीच्या वर हवं, आणि खाली एक जरी केबल जिवंत असेल, तर ते चालवण्याचा अधिकार असलेला माणूस हाकेच्या अंतरावर हवा. मामाच्या प्रश्नाचं उत्तर, कुठून तोडायची तर गॅस नाही तिथून, हे मोठ्या विजेपुरतं तेव्हाच कळलेलं होतं. छोट्या विजेकडे मात्र त्या नजरेने कुणी बघत नव्हतं. ती तर रोज, प्रत्येक इशाऱ्याला, गॅसमध्येच तोडली जात होती आणि तिला तोडणं म्हणायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

खटल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय नाही, पण सोडवतही नाही. मॅनेजरवर १७ आणि कंपनीवर ४ आरोप होते. त्यातला एक पंख्याचा. खाणीतल्या हवेची दिशा उलटी करता येईल अशी सोय कायद्याने बंधनकारक केली होती. आधीची मुदत १ जानेवारी १९१३ची, ती वाढवून सप्टेंबरपर्यंत दिली गेली. १४ ऑक्टोबरला काम झालेलं नव्हतं. मॅनेजरला २४ पौंड दंड झाला. कंपनीला अपिलानंतर १० पौंड. तिथल्या एका वर्तमानपत्राने भागाकार करून मथळा दिला, खाणकामगाराचा जीव १ शिलिंग सव्वा पेनी. मी तो भागाकार करून बघितला. थोडा वरच्या बाजूला नेलाय, पण बरोबर आहे.

सेंगहेनिदनंतर घंटीचा प्रश्न प्रयोगशाळेत गेला आणि तिथे दोन माणसांनी मन लावून काम केलं. रिचर्ड व्हर्नन व्हीलर कम्बरलंडच्या किनाऱ्यावर एस्कमील्सला, खाणीतल्या स्फोटांसाठी उभारलेल्या केंद्रात होते. विल्यम थॉर्नटन न्यूकॅसलला विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. महायुद्ध चालू असताना, १९१५-१६ मध्ये, त्यांनी ब्रिटिश गृहखात्यासाठी एका प्रश्नाचं उत्तर शोधलं: सिग्नलच्या तारा एकमेकींपासून सुटताना पडणारी ठिणगी मिथेन पेटवते का, आणि कधी? उत्तर व्होल्टेजमध्ये नव्हतं. ते प्रवाह आणि घंटीच्या गुंडाळीत होतं. गुंडाळीत साठलेली ऊर्जा तारा सुटताना ठिणगीत उतरते. समजा गुंडाळीचं इंडक्टन्स ०.१ हेन्री आणि प्रवाह ०.१ अँपिअर. साठलेली ऊर्जा अर्धा मिलिज्यूल. शाळकरी गणित आहे. मिथेनला लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळपास दुप्पट.

उपायही त्यातूनच निघाला आणि तो मला कोणत्याही कवितेइतका आवडतो. गुंडाळीला समांतर एक साधा रोधक जोडा. तारा सुटल्या की साठलेल्या ऊर्जेला हवेतून उडी मारण्यापेक्षा बरा रस्ता मिळतो, ती रोधकात फिरून उष्णता होऊन जाते. बॅटरीचा प्रवाहही बेताचा ठेवा. मग तारा उघड्याच राहू द्या, लोकांना हव्या तिथे टेकवू द्या, सोडू द्या. ठिणगी पडेल, पण तिच्यात दम नसेल. वीज तोडण्याची जागा बदलता येत नसेल, तर तोडण्यासारखं काही उरूच द्यायचं नाही. इंट्रिन्सिकली सेफ म्हणून आज ज्या सर्किटांना ओळखतात, त्यांची सुरुवात ही. अल्कोहोलच्या टाकीवरच्या लेव्हल ट्रान्समीटरसारख्या उपकरणांना जिथे निळ्या रंगाची केबल दिसते, तिच्यामागे सेंगहेनिदची घंटी आहे. आमच्या डिस्टिलरीतले ट्रान्समीटर निळ्या केबलचे होते. मी ती कितीदा ओलांडून गेलो होतो. वाटायचं, निळा रंग त्यांच्याकडे स्टॉकमध्ये असेल.

मोटरीला मात्र हे चालत नाही. पंप चालवायचा तर हजारो वॅट लागतात, तिथे दम काढून घेता येत नाही. त्याचं उत्तर जर्मन खाणींतून आलं होतं, सेंगहेनिदच्याही आधी. कार्ल बायलिंग या खाण अभियंत्याने गेल्सनकिर्शेन इथे विजेची उपकरणं प्रत्यक्ष स्फोटक हवेत चालवून बघितली आणि १९०६ मध्ये निष्कर्ष छापले. त्याआधी सगळ्यांचा प्रयत्न गॅस डब्यात शिरू न देण्याचा असायचा. बायलिंगने ती आशा सोडून दिली. गॅस शिरणारच, ठिणगी पडणारच, आत स्फोट होणारच. होऊ द्या. डबा इतका मजबूत करा की तो फुटणार नाही, आणि झाकणाच्या सांध्याच्या फटी इतक्या अरुंद, लांब ठेवा की बाहेर निघणारी ज्वाला धातूला उष्णता देत देत विझून जाईल. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये दिव्याभोवती तारेची जाळी लावली त्यामागचं तत्त्व हेच. जाळीच्या जागी आता बीडाची फ्लँज आली.

म्हणून एफएलपीचा डबा हवाबंद नसतो. हे कळल्यावर मी अक्षरशः हसलो, कारण मी कायम तो हवाबंद डबा समजत होतो. तो श्वास घेतो. मिथेन असेल तर सुमारे १.१ मिलिमीटरच्या फटीतून ज्वाला बाहेर येऊन गॅस पेटवू शकत नाही. हायड्रोजनसाठी हीच फट ०.३ मिलिमीटरच्याही आत जाते. प्रत्यक्षात डबे त्याहून खूप बारीक फट ठेवून बनवतात. आणि ती फट बोल्टांनी धरून ठेवलेली असते. आठ बोल्टांच्या जागी सहाच लावले, फ्लँजवर रंगाचा जाड थर दिला, किंवा कुणी पाणी जाऊ नये म्हणून मधे रबर घातलं, की तो डबा उरतो, एफएलपी उरत नाही. बोल्ट समदे असतील तर, असं मामा म्हणाला होता ते यासाठी.

पण तो डबा कधीतरी उघडावा लागतोच. दुरुस्ती करायची, संपर्क घासायचे, फ्यूज बदलायचा. उघडला की बायलिंगचं सगळं कर्तृत्व बाजूला होतं. तो परत एक साधा स्विच होतो.

सेंगहेनिदपासून फार लांब नाही, तोनिपँडीजवळ क्लिडॅक व्हेलला कॅम्ब्रियन कोलियरी होती. १७ मे १९६५ रोजी तिथे ३१ माणसं मेली. हवा खेळण्याची व्यवस्था बिघडून मिथेन साचला होता आणि तो पेटला उघड्या स्विच पॅनेलमधल्या विजेच्या ठिणगीने. एक इलेक्ट्रिशियन त्या पॅनेलवर काम करत होता. फ्लेमप्रूफ डब्याचा शोध लागून साठ वर्षं झाली होती, नियम होते, प्रशिक्षण होतं. झाकण उघडं होतं आणि आत वीज होती, इतकंच. दक्षिण वेल्समधला हा शेवटचा मोठा खाणस्फोट. त्यानंतर अकराच दिवसांनी, २८ मे १९६५ला, आपल्याकडे तेव्हाच्या बिहारमध्ये धोरीच्या खाणीत स्फोट होऊन २६८ जण गेले. त्याची कारणं वेगळी, पण तारखा शेजारी वाचल्या आणि त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही.

एफएलपीच्या प्रत्येक डब्यावर एक पाटी असते. मराठीत सांगायचं तर, वीज तोडल्याशिवाय उघडू नका. काही डब्यांवर पुढे आणखी लिहिलेलं असतं, वीज तोडल्यावर इतकी मिनिटं थांबा. कारण आत कपॅसिटर असतात, तापलेले भाग असतात, आणि वीज गेली म्हणून ते लगेच निर्धोक होत नाहीत. तोडणं हा क्षण नाही, त्याला कालावधी आहे.

मग आजचे नियम काय म्हणतात? स्फोटक जागांमधल्या वीजमांडणीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आपणही घेतलं आहे, ते मामाच्याच भाषेत बोलतं. आणीबाणीत त्या जागेची वीज तोडण्याची सोय त्या जागेच्या बाहेर हवी. त्याशिवाय प्रत्येक सर्किटला तोडण्याचं वेगळं साधन हवं, त्याने सगळ्या तारा तुटायला हव्यात, न्यूट्रलसकट. त्याच्या शेजारी, ते नेमकं काय तोडतं याची पाटी हवी. न्यूट्रलसकट हे वाचून मला आपल्या गल्लीतली वायरिंग आठवली, जिथे बटण कधी फेजवर असतं कधी न्यूट्रलवर आणि दिवा दोन्हीकडून विझतो. आणि एक अपवाद: जे यंत्र बंद पडल्याने धोका वाढेल, त्याला या आणीबाणीच्या स्विचवर ठेवायचं नाही, वेगळ्या सर्किटवर ठेवायचं. हवा खेळवणारा पंखा, उदाहरणार्थ. आईने बंद केला होता तो.

अमेरिकेची संहिता इथे मजेशीर अडचणीत सापडते. मोटर तोडण्याचा स्विच मोटरच्या नजरेच्या टप्प्यात हवा, म्हणजे दिसेल असा आणि ५० फुटांच्या आत, हा त्यांचा जुना नियम. विचार योग्य आहे. मोटरवर हात घालणाऱ्या माणसाला आपल्या डोळ्यांनी स्विच दिसला पाहिजे, दुसऱ्या खोलीतला कुणी नकळत चालू करायला नको. पण स्फोटक जागेत नजरेच्या टप्प्यातला स्विच म्हणजे गॅसमधला स्विच. म्हणून नियमाला सूट ठेवली आहे: जवळ स्विच लावल्याने धोका वाढत असेल तर तो लांब ठेवा, मात्र त्याला कुलूप लावता आलं पाहिजे. अशा जास्तीच्या धोक्याची उदाहरणं देताना स्फोटक जागांमधल्या मोटरींचा उल्लेख केला आहे. माणसाला शॉकपासून वाचवायचं तर स्विच जवळ हवा, स्फोटापासून वाचवायचं तर लांब. मधे फक्त कुलूप आणि त्या कुलपाची किल्ली खिशात ठेवणारा माणूस.

आपल्याकडे पेट्रोलियम आणि तत्सम जागांसाठी अशा उपकरणांना मान्यता देणारी पेसो ही केंद्रीय संस्था. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. डब्यावरच्या पाटीवर मान्यतेचा नंबर कोरलेला असतो. मी पाट्या वाचायला लागलो तसा मामा खूश झाला. म्हणाला, "आता साहेब डोळ्यांनी बघायला लागले."

पुढच्या उन्हाळ्यात डिस्टिलरी बंद असताना दुरुस्तीची कामं निघाली. टाक्या रिकाम्या, धुतलेल्या, गॅस मीटरवर शून्य, परमिटवर सह्या. मी लॅपटॉप घेऊन कंट्रोल रूममध्ये. ज्या पंपाची मोटर उघडायची, तो स्क्रीनवर मी बंद केला आणि त्याच्या चित्राखाली माझ्याच हाताने कधीतरी लिहिलेला शब्द हिरवा झाला. आयसोलेटेड. वॉकीटॉकीवर मी मामाला सांगितलं, "आयसोलेटेड आहे मामा, उघडा."

पाच मिनिटांनी मामा स्वतः वर आला. हातात टेस्टर. ओरडला नाही, हे मला जास्त लागलं.

"साहेब, आत दोनशे तीस हायत."

मोटर बंद होती. कॉन्टॅक्टर उघडला होता. माझा प्रोग्रॅम खोटं बोलला नव्हता. पण त्या मोटरीच्या आत ओल धरू नये म्हणून एक छोटा हीटर होता, आणि तो मोटर चालू असताना बंद आणि मोटर थांबली की आपोआप चालू होतो. त्याची वीज दुसरीकडून येते. म्हणजे मी मोटर बंद केली आणि त्याच क्षणी टर्मिनल बॉक्समध्ये दुसरी वीज चालू केली. ड्रॉइंगवर तो हीटर होता. माझ्या स्क्रीनवर नव्हता, कारण आमच्या कंपनीत कुणी तो विचारलाच नव्हता, आणि मीही नाही. मामाने माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता आधी टेस्टर लावला होता. तीस वर्षांची सवय.

मी विचारलं, "टेस्टर नसता लावला तर?"

"आज शॉक बसला असता," मामा म्हणाला. "सीझनमधी असता, तर सांगता नाय येत."

मग आम्ही दोघं एमसीसी रूममध्ये गेलो. मोटरीचा आयसोलेटर मामाने खाली ओढला, कुलूप लावलं. हीटरचा फीडर दुसऱ्याच पॅनेलमध्ये होता, तो शोधायला वीस मिनिटं लागली, पाटी पुसट झाली होती. तोही ओढला. दुसरं कुलूप मामाकडे नव्हतं, गेटवरच्या वॉचमनच्या सायकलचं आणलं. दोन्ही किल्ल्या मामाने खिशात टाकल्या आणि जाताना टेस्टर पुन्हा घेतला.

त्या रात्री गेस्ट हाऊसवर मी सगळ्या स्क्रीन उघडल्या. आयसोलेटेड हा शब्द ४१ ठिकाणी होता. मी तो काढला आणि 'थांबला' असं लिहिलं. सकाळी आमच्या ऑफिसातून मेल आला, की शब्द बदलल्यामुळे ग्राहकाच्या मॅन्युअलशी जुळत नाही, परत आधीचा करा. मी उत्तरात मोटरीचं ड्रॉइंग जोडलं आणि हीटरभोवती लाल गोल काढला. तीन दिवसांनी मॅन्युअल बदलण्याची परवानगी आली.